भिजलेलं संग्रहालय आणि आम्ही दोघं

वादळ जाऊन तिसरा दिवस होता. रस्त्यात आडवे पडलेले माड लोकांनी कापून बाजूला केले, तेव्हा मी संग्रहालयाकडे चालत निघाले. दार फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. खांदा लावून ढकललं, तर आधी वास आला. ओल्या कापडाचा, कुजक्या लाकडाचा. मग उजेड दिसला, जिथे दिसायला नको होता तिथे. छपरावर माड कोसळला होता आणि निम्मी कौलं आत पडली होती. दोन दिवस पाऊस थेट वस्तूंवर पडत राहिला होता.

मी उंबऱ्यावरच बसले. मागून आवाज आला, "बाय, वायच सरा. माका आत जावक व्हया."

मेस्त्री आले होते. कुडाळकडच्या एका आतल्या गावातून, दुधाच्या टेम्पोत बसून. एसट्या अजून बंद होत्या. त्यांनी आत जाऊन एकदा सगळीकडे पाहिलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पहिलं कौल उचललं. मी विचारलं, "मेस्त्रीनू, कसा होतला ह्या सगळा?" ते म्हणाले, "होतला. आधी फोटो भायर काढूया."

आमचं संग्रहालय म्हणजे मालवणच्या अलीकडे, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या आणि पडवी. ते एका लहान ट्रस्टचं. वस्तू सगळ्या आसपासच्या लोकांनी दिलेल्या. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याचे लाकडी तरंगे, दशावतारी मंडळींचे मुकुट, खारेपाटणच्या एका घरातून आलेले मोडी कागद, आमच्या ख्रिस्ती घरांतले लग्नांचे फोटो, मुंबईला आणि आफ्रिकेला बोटीवर गेलेल्यांच्या पत्र्याच्या ट्रंका. मी आधी शाळेत शिकवायचे. शाळा सोडल्यावर ट्रस्टनं मला इथे बोलावलं. कागदावर मी व्यवस्थापक. खरं तर झाडू मारण्यापासून पाहुण्यांना माहिती सांगण्यापर्यंत सगळं मीच करायचे. आणि मेस्त्री सुतार. आठवड्यातून तीन दिवस यायचे, मोडलेलं जोडायचे, वाळवी लागलेलं वाचवायचे. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. आम्ही दहा वर्षं एकत्र काम करत होतो आणि त्यांच्या घरी कोण कोण आहे एवढंच मला माहीत होतं.

वादळानंतर ते रोज येऊ लागले. मी त्यांना रोज या असं सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

वीज नव्हती, म्हणजे पंखे नव्हते. आम्ही शेजारच्या चर्चच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या आणि फोटो चिमट्यांनी टांगले. मोडी कागद एकमेकांना चिकटले होते. मी पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, घाई करू नका, मध्ये टिपकागद घाला, सावलीत वाळवा. मी टिपकागद कुठून आणणार? आम्ही वर्तमानपत्रं वापरली, तर त्यांची शाई कागदांवर उतरली. मग ती टाकून कोऱ्या वह्यांची पानं फाडून घातली.

पाऊस तोंडावर होता. त्याआधी सगळं वाळवून बंद करायचं होतं. आणि वाळलेल्या वस्तूंवर बुरशी आली. पहिल्यांदा मुकुटांवर, पांढरी, कापसासारखी. मेस्त्रींनी स्पिरिट लावून पुसली. चार दिवसांनी परत आली. परत पुसली. मग फोटोंवर आली, काळी, ठिपक्याठिपक्यांची, आणि ती पुसली की खालचे चेहरेही पुसले जात. एका नवरीचा चेहरा माझ्या हातातल्या कापसाच्या बोळ्यावर आला. अक्षरशः. मी बोळा पाहिला आणि फोटो पाहिला. फोटोत फक्त पदर राहिला होता. ती बाई कोण हे सांगणारं आता कोणीही जिवंत नव्हतं.

त्या दिवसापासून मला झोप लागेनाशी झाली. खोकला तर दोघांनाही होता. नाकाला रुमाल बांधून काम करत होतो, पण घामानं तो निसटायचा. माझ्या हातांची सालं गेली. मेस्त्रींचे डोळे लाल असत. मी विचारायचे, "चाय घेतास?" ते म्हणायचे, "ह्या झाल्यार." ते कधीच होत नसे.

जून लागल्यावर ट्रस्टच्या वतीनं दोन माणसं पाहणीला आली. त्यांच्याकडे छापील तक्ते होते. वस्तूचं नाव, साहित्य, नुकसान पूर्ण की अंशतः, शेरा. दोन दिवस आम्ही चौघांनी मिळून ते भरले. जाताना एक जण म्हणाला, "टीचर, तुम्ही ग्रेट काम केलंत. अजून एक महिना असंच लावून धरा." मेस्त्री बाजूला उभे होते. त्यांच्याशी कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा त्यांना नंतर एवढंच म्हटलं, "उद्या लवकर येशात?" ते म्हणाले, "येतंय."

त्या सगळ्यांत एक गलबत होतं. म्हणजे गलबताची प्रतिकृती, हातभर लांबीची, तीन डोलकाठ्यांची. तारकर्लीच्या एका तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, म्हातारपणी घरात बसून केलेली. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं ती आम्हाला आणून दिली होती. शाळेची पोरं आली की आधी त्या गलबताकडे धावत. वादळात त्यावर वासा पडला आणि कणा तुटला. मेस्त्रींनी तो जोडला, डोलकाठ्या नव्या केल्या, सुताचे दोर पुन्हा ओवले. पावसाळ्यात जोड सुटला, कारण लाकूड आतून ओलंच होतं. त्यांनी पुन्हा जोडला. मग आतून बुरशी आली. त्यांनी गलबत पूर्ण उकललं, फळी फळी पुसली, पुन्हा बांधलं. त्यात सगळा आषाढ गेला. त्या दिवसांत ते माझ्याशी जवळजवळ बोलतच नव्हते. दुपारचा डबा तसाच परत न्यायचे. मी पाहत होते. पाहत होते आणि मनात म्हणत होते, काम चालू आहे ना, मग ठीक आहे.

एका सकाळी मी आले, तर ते गलबत हातात घेऊन पडवीत उभे होते. कण्याजवळ पुन्हा पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, "परत इली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी गलबत वर उचललं आणि पायऱ्यांवर आपटलं. एकदा आपटून थांबले नाहीत. खाली उतरून जे तुकडे मोठे राहिले होते ते पायानं मोडले.

मी ओरडले. आयुष्यात शाळेतल्या मुलांवरही अशी ओरडले नव्हते. "तुमका कळता काय, तुमी काय केलात? कोणाची वस्तू ती? मी तेंका काय सांगूचा आता? जावा तुमी! जावा हंयसून!"

ते गेले. पिशवी न घेता गेले. पटाशी, रंधा, सगळं तिथेच राहिलं. मी तुकडे गोळा केले, खोक्यात भरले आणि खोक्यावर क्रमांक घातला. हे मी का केलं, मला अजून कळत नाही. सवयीनं.

पुढचे चार दिवस ते आले नाहीत. मी फोन केला नाही. रागानं नाही, खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पाचव्या दिवशी मी तारकर्लीला गेले, कारण तांडेलाच्या बायकोला तिच्या नवऱ्याचं गलबत मोडलं हे सांगायला हवं होतं. ती ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली. अंगणात सुकी मासळी निवडत होती. मी वाक्यं पाठ करून गेले होते. ट्रस्टच्या वतीनं दिलगिरी वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "कोणी मोडल्यान म्हणतंस? तो सुतार? कमी बोलणारो?"

"हो."

"तो माझ्याकडे इल्लो. दोरीचो पीळ खंयच्या बाजून घालूचो ता इचारूक. तीनदा इल्लो." तिनं हातातला मासा खाली ठेवला. "मोडला ता मोडला गो. घोवान दुसरा काय केल्यान म्हातारपणात? तेची काय तरी येळ गेली. पण तो माणूस तसो नाय. तेका काय झाला?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मगे हंय कित्याक इलंस? तेच्याकडे जा मां."

एवढंच. मला त्या अंगणात उभं राहणं अशक्य झालं. वादळाला अडीच महिने होऊन गेले होते आणि त्या सगळ्या दिवसांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दोन एसट्या बदलून मेस्त्रींच्या गावी गेले. घर विचारत विचारत पोचले, तर घर नव्हतं. म्हणजे भिंती होत्या. वर छप्पर नव्हतं. एक फणसाचं झाड मधोमध आडवं होतं आणि त्याच्या फांद्यांवर पावसानं शेवाळ धरलं होतं. मी चुकीच्या ठिकाणी आले असं वाटून परत फिरणार, तोच शेजारच्या मांगरातून एक बाई बाहेर आली. मांगर म्हणजे शेतावरची झोपडी, गवत आणि अवजारं ठेवायची. ती मेस्त्रींची बायको. वादळ झालं त्या दिवसापासून ते दोघं शेजाऱ्याच्या त्या मांगरात राहत होते. काजूची बाग गेली होती. गोठ्यातली एक म्हैस भिंतीखाली मेली होती.

मी म्हटलं, "पण ते तर तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे इल्ले. रोज येत होते. माका एक शब्द बोलाक नाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. "तुमी इचारलात नाय, तेंनी सांगल्यानी नाय. मी म्हटलंय, आधी आपला घर बघा. तर म्हणाले, घर काय, परत बांधूक येता. थंयचा गेला काय परत येवचा नाय."

मग तिनं हळू आवाजात मला सांगितलं की तीन दिवसांपूर्वी तिला त्यांच्या हातातून काय हिसकावून घ्यावं लागलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. ती वेळेवर बागेत गेली होती, एवढंच.

मेस्त्री पडलेल्या काजूच्या एका खोडावर बसले होते. पावसाची बारीक भुरभुर होती आणि ते भिजत होते. मला पाहून उठायला लागले, मी त्यांना बसवलं आणि शेजारी बसले. तेच आधी म्हणाले, "बाय, गलबताचा चुकला माझा."

"गलबत रवांदे."

"माका ती बुरशी सगळीकडे दिसता. भातार दिसता. हातार दिसता. हिच्या तोंडार दिसता. मी पुसतंय, ती परत येता." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरले. रखरखीत, स्वच्छ तळहात. "तुमका दिसता काय, खरा सांगा."

मी नाही म्हटलं आणि रडले. माझं रडणं बघून ते बिचारे घाबरले. मलाच समजावू लागले.

जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या आजारांच्या डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. मेस्त्री रांगेत दोनदा उठून चालू लागले. "माका याड लागूक नाय," ते म्हणत होते, आणि बायको त्यांची बाही धरून बसली होती. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी मेस्त्रींना सावकाश एकेक विचारलं. मग मी मध्ये काहीतरी माहिती पुरवायला लागले, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही शेवटचं नीट कधी झोपला होता?"

तो साधा प्रश्न होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मागे मागे मोजत गेले, पार वादळापर्यंत. त्यांनी माझाही केसपेपर काढायला सांगितला.

गोळ्या सुरू झाल्या, दोघांच्याही. मेस्त्रींचा गावच पुढे आला. वाडीतल्या लोकांनी मिळून फणस कापून काढला, तात्पुरते पत्रे घातले. मी सुट्टीच्या दिवशी जात होते. छपराच्या कामाला मला हात लावता येत नव्हता, पण मी निदान भाकऱ्या भाजत होते.

ट्रस्टच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नाव न घेता, त्यांचा मान राखून. मी म्हटलं, "आपण वस्तूंसाठी तक्ते केले. त्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसांना काय होतं हे कोणी विचारत नाही, मीही विचारलं नाही. यापुढे असं कामच सुरू करू नये, जोवर बदली माणसं नाहीत, सुट्टी नाही, डॉक्टरकडे जायची सोय नाही." मग एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "टीचर, तुमच्या भावना समजतात. पण हे संग्रहालय आहे, दवाखाना नव्हे." दुसरे म्हणाले, आपण एक चांगला कार्यक्रम घेऊ.

कार्यक्रम झाला. 'वारसा आणि मनःस्वास्थ्य' असा फलक लागला. योग शिकवणारे एक गृहस्थ आले, आम्हाला डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितला. खोलीत अजून कुजका वास होता. मेस्त्री मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे खोल श्वास घेतला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. मी त्यांना धरून बाहेर नेलं. आत टाळ्या वाजत होत्या, फोटो निघत होते. पडवीत पाणी पिता पिता ते म्हणाले, "बाय, माका परत हंय आणू नका." मी म्हटलं, नाही आणणार.

त्यानंतर मी एक गोष्ट ट्रस्टला न विचारता केली. ज्यांच्या वस्तू वाचणार नाहीत हे मला आतून कळलं होतं, त्या सगळ्यांना मी निरोप पाठवले. या, बघा, हवं ते परत घेऊन जा. मला वाटलं लोक भांडतील. काही भांडलेही. एका माणसानं आजोबांची ट्रंक पाहून माझ्या तोंडावर म्हटलं, तुमच्याकडे दिली हीच चूक झाली. पण बरेच जण आले, बसले आणि वस्तूबद्दल बोलायचं सोडून वादळाबद्दल बोलू लागले. कोणाची होडी गेली होती, कोणाची आई त्या गडबडीत गेली होती. एक बाई बुरशी लागलेला फोटो मांडीवर घेऊन तासभर बसली आणि जाताना म्हणाली, "बरा वाटला." काय बरं वाटलं, तिनं सांगितलं नाही. तांडेलाची बायको नातवाच्या रिक्षातून आली आणि तुकड्यांचं खोकं घेऊन गेली. चुलीला घालणार का, मी विचारलं नाही.

निम्मं संग्रहालय रिकामं झालं. ट्रस्टचं पत्र आलं, त्यात 'बेजबाबदार' असा शब्द आहे. मी ते पत्र फाइलला लावलं. मला काढून टाकलं नाही, कारण तिथे यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. अजून मीच आहे. दुपारी दोन वाजता दार लावते आणि घरी जाते, काही झालं तरी. हे एवढं मी शिकले.

याला काही वर्षं झाली. मेस्त्री बरे झाले असं मी म्हणणार नाही. त्यांनी पुन्हा रंधा हातात घेतला नाही. पावसाळा आला की त्यांचं बोलणं कमी होतं आणि मग मला भीती वाटायला लागते. माझं स्वतःचंही तसंच आहे, फक्त मी ते लपवू शकते. दर बुधवारी ते औषध घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी येतात आणि मीही त्याच दिवशी तिथे जाते. मग आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात बसतो.

गेल्या बुधवारी अकराची एसटी आली आणि त्यातून ते उतरले नाहीत. मी त्यांच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. कंट्रोलरला जाऊन विचारलं, तो म्हणाला, मागून अजून एक येईल, थांबा. मी बाकावर बसले. दर मिनिटाला उठून रस्त्याकडे बघून येत होते. शेजारी एक बाई आंबोल्या खात होती, तिनं मला पाणी दिलं. सव्वाबारापर्यंत मी त्या बाकावर काय काय पाहिलं मनात, ते सांगण्यासारखं नाही. त्यांच्या बायकोचा चेहरा. बागेतली ती वाट. मी जायला उशीर केलेले ते पाच दिवस.

दुसरी एसटी आली. शेवटच्या माणसांत ते उतरले, एका हातात छत्री, दुसऱ्यात कापडी पिशवी.

"खंय होतात?" मी एवढ्या मोठ्यानं विचारलं की दोन-चार माणसं वळून बघू लागली.

"गावची पयली एष्टी पंक्चर झाली घाटीत, म्हणान अकराची चुकली," ते म्हणाले. माझ्या तोंडाकडे त्यांनी नीट पाहिलं. "बाय, तुमी जेवलात?"

मी मान हलवली, नाही.

"मगे आधी जेवया," ते म्हणाले.